बॅटरीवरील ड्रिल : वापर आणि निगा

वैशाख सरत आला म्हणजे शेतातील कामांचा ताण काही दिवस कमी होतो आणि दुरुस्तीच्या कामांची आठवण होऊ लागते. गोठ्यावरील पत्र्याचे स्क्रू ढिले झालेले असतात. बैलगाडीच्या साटीची एखादी फळी निसटलेली असते. द्राक्षमांडवाच्या अँगलला नवी पट्टी जोडावयाची असते, तर ठिबक संचाच्या उपमुख्य नळीला नव्या ओळींसाठी भोके पाडावयाची असतात. यांपैकी एकही काम मोठे नाही. परंतु मृगाचा पाऊस येण्यापूर्वी ती सर्व उरकली नाहीत, तर पुढे महिनाभर त्यांच्याकडे पाहण्यास सवड मिळत नाही. नेमक्या त्याच दिवसांत गावातील सुतार आणि वेल्डिंगवाला सर्वांनाच हवे असतात. शिवाय काम असते मांडवाखाली किंवा गोठ्याच्या छपरावर, आणि वीज असते घरात.

ही अडचण बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल यंत्राने पुष्कळ अंशी दूर केली आहे. एक ते दोन किलो वजनाचे हे यंत्र आता शेतकऱ्यांच्या घरी आणि शेतकरी गटांकडेही दिसू लागले आहे. तथापि, यंत्र घरी आले म्हणजे ते कामास आले असे नव्हे. नीट माहिती नसल्यास थोड्याच काळात बिटांची धार जाते, बॅटरी निकामी होते, आणि चांगले यंत्र कोनाड्यात पडून राहते. अशा बहुतेक बिघाडांचे मूळ एकच असते, ते म्हणजे उष्णता. बिट तापते, मोटर तापते, बॅटरी तापते. यंत्र तापू न देता काम करणे हेच या यंत्राच्या वापराचे आणि निगेचे मुख्य सूत्र होय.

यंत्राची वाटचाल

लाकडास भोक पाडण्यासाठी आपल्याकडील सुतार पूर्वापार गिरमिट व दोरीच्या कमानीने फिरणारा सामता वापरीत आले. या हत्यारांत गती आणि दाब ही दोन्ही माणसाच्या हातातच असत. त्यामुळे लाकूड कठीण लागले की हात आपोआप सावकाश चाले. यंत्राला ही जाणीव नसते. ती चालविणाऱ्यास ठेवावी लागते.

विजेवर चालणारे व हातात धरण्याजोगे ड्रिल जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन कंपनीने १८९५ साली तयार केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा खटका ही रचना अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीची; तिचे पेटंट १९१७ साली मिळाले. याच कंपनीने १९६१ साली निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे, तार नसलेले ड्रिल बाजारात आणले. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम विक्रीस आली आणि २००५ च्या सुमारास ती ड्रिलसारख्या हत्यारांत बसविली जाऊ लागली. ही बॅटरी वजनास हलकी, पण शक्तीस मोठी असते. तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

यंत्राचे भाग

यंत्राच्या तोंडाशी बिट पकडणारे तीन जबडे असतात. या भागास चक म्हणतात. चकमध्ये साधारणपणे १० किंवा १३ मिलिमीटरपर्यंत जाडीचे बिट बसते. बिट तिन्ही जबड्यांच्या बरोबर मध्ये बसले आहे याची खात्री करूनच चक आवळावा. बिट दोन जबड्यांत तिरके अडकले, तर ते फिरताना डोलते, भोक मोठे पडते आणि बारीक बिट मोडते.

चकच्या मागे आकडे असलेले कडे असते. हा क्लच होय. ठरावीक जोरापेक्षा अधिक जोर लागताच क्लच टकटक असा आवाज करून सुटतो व स्क्रू अधिक आवळला जात नाही. स्क्रू बसविताना लहान आकड्यापासून आरंभ करावा आणि स्क्रू पुरता बसत नसेल तरच आकडा वाढवावा. भोक पाडताना मात्र कडे बिटाच्या चिन्हावर आणावे. काही यंत्रांत हातोडीचे चिन्हही असते. त्यावर कडे आणल्यास बिट फिरता फिरता ठोकेही देते. हे ठोके केवळ वीट व सिमेंट यांसाठी आहेत. लाकूड, लोखंड अथवा फरशीच्या टाइलवर त्यांचा उपयोग केव्हाही करू नये.

वरच्या बाजूस १ व २ असे आकडे असलेली सरकती पट्टी असते. १ वर गती कमी व जोर अधिक मिळतो. २ वर गती अधिक व जोर कमी मिळतो. मुठीजवळचे बटण फिरण्याची दिशा बदलते. ते मधोमध ठेवले असता खटका दाबला जात नाही. यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना किंवा पिशवीत ठेवताना बटण नेहमी मध्यावर असावे. गती व दिशा यांत बदल करावयाचा तो यंत्र पूर्ण थांबल्यावरच करावा. फिरत्या यंत्रात बदल केल्यास आतील दाते झिजतात.

बॅटरीवरील आकड्यांचा अर्थ

खरेदीच्या वेळी पुष्कळदा केवळ मोठा आकडा पाहून यंत्र घेतले जाते. लिथियम-आयनच्या एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले म्हणजे १८ व्होल्टची बॅटरी होते. पूर्ण चार्ज झाल्यावर एका सेलचा दाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो व पाच सेलचा मिळून २१ व्होल्ट होतो. म्हणजे एकावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ असे छापले असले, तरी आत पाचच सेल असतील तर तिन्हींचा दाब एकच समजावा. तीन सेलची बॅटरी १०.८ किंवा १२ व्होल्टची म्हणून विकली जाते. स्क्रू बसविणे, पातळ पत्रा किंवा पीव्हीसी नळी यांना भोके पाडणे यांसाठी ती पुरते. कठीण लाकूड व अँगल यांचे काम वारंवार असेल, तर पाच सेलची बॅटरी घ्यावी.

दुसरा आकडा अँपिअर-तासांचा. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार केला म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते कळते. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॅट-तास वीज मावते. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२. विजेचे एक युनिट १००० वॅट-तासांचे असते. चार्ज करताना होणारी घट धरूनही लहान बॅटरी एका युनिटात सुमारे वीस वेळा चार्ज होऊ शकते. म्हणजे खर्च विजेचा नाही. तो बॅटरी बदलण्याचा आहे. खरेदीपूर्वी त्या यंत्राची बॅटरी व दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळते की नाही याची चौकशी करणे हितावह ठरते.

गती, दाब आणि कीस

बिट जितके जाड, तितकी गती कमी असावी, हा पहिला नियम. याचे कारण साध्या हिशेबाने समजते. यंत्र मिनिटाला १५०० फेऱ्या करीत असेल, तर ४ मिलिमीटर बिटाची कड मिनिटाला सुमारे १९ मीटर धावते. परंतु १० मिलिमीटर बिटाची कड सुमारे ४७ मीटर धावते. साधे लोखंड कापताना हायस्पीड स्टीलच्या बिटाला मिनिटाला २५ ते ३० मीटरपर्यंतचा वेग मानवतो. त्यापलीकडे धार कापण्याऐवजी घासू लागते. म्हणून लोखंडात जाड भोक पाडताना पट्टी १ वरच ठेवावी.

दुसरा नियम दाबाचा. लोखंडावर बिट नुसते टेकवून वेगाने फिरविले तर ते कापीत नाही, तापते. गती कमी आणि दाब स्थिर व भक्कम, अशी जोडी असावी. दाब योग्य आहे की नाही हे निघणाऱ्या किसावरून ओळखावे. चांदीसारखा चकचकीत, वळ्यांचा कीस निघत असेल तर काम बरोबर चालले आहे. निळा-काळा कीस, बारीक भुकटी, धूर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर ताबडतोब थांबावे. बिटाची धार गेली आहे, गती अधिक आहे, किंवा दाब अपुरा आहे, असे समजावे.

तिसरा नियम कीस बाहेर काढण्याचा. बिटाच्या अंगावरील पिळाच्या खाचा कीस वर येण्यासाठीच असतात. खोल भोकात त्या भरून गेल्या की बिट आवळले जाते. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत बॅटरीवरील ड्रिलने भोके घेतली, तेव्हा दांड्यांच्या सांध्यांपाशी चुरा वर येण्यास नीट वाट नव्हती. दांडा अडकला, ठरलेली खोली गाठता आली नाही, आणि पुढील मोहिमेसाठी दांड्यांची रचना बदलावी लागली. बाभळीच्या जाड जुवात भोक पाडणाऱ्यासही तोच अनुभव येतो. यास्तव बिटाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली झाली की बिट फिरते ठेवूनच थोडे मागे घ्यावे, कीस झाडावा आणि पुन्हा पुढे जावे.

निरनिराळ्या वस्तूंवरील काम

लाकूड : बाभूळ किंवा सागासारख्या लाकडात स्क्रू सरळ घुसवू नये. फळी तडकते किंवा स्क्रूचे डोके झिजते. प्रथम बारीक भोक पाडावे. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी मऊ लाकडात सुमारे अडीच मिलिमीटर व कठीण लाकडात सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पुरते. स्क्रूच्या आट्यांस थोडे मेण चोळल्यास तो सहज बसतो. साबण लावण्याची पद्धत आहे. परंतु तो ओल धरतो व स्क्रू गंजतो. भोक आरपार पाडावयाचे असल्यास फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे मागील बाजूच्या चिपा उडत नाहीत.

लोखंड : भोकाच्या जागी पंच व हातोडीने खूण ठोकून घ्यावी; अन्यथा बिट घसरते. १० मिलिमीटरचे भोक हवे असल्यास प्रथम ३ किंवा ४ मिलिमीटरचे पाडावे व मग मोठे बिट लावावे. साध्या लोखंडावर कामाच्या जागी तेलाचे थेंब सोडीत राहावे. बिडावर तेलाची गरज नसते. बिट पलीकडे निघण्याच्या क्षणी दाब हलका करावा. याच क्षणी धार पातळ कडेत अडकते व यंत्र हाताला जोराचा हिसडा देते. मनगट मुरगळण्याचे प्रसंग बहुधा येथेच येतात. यंत्रासोबत बाजूची मूठ आली असेल तर ती अवश्य लावावी. काम अडकण्याजोगे लहान असेल तर ते पायाखाली किंवा हातात न धरता शिकंजात धरावे.

ठिबकची नळी : पीव्हीसी उष्णतेने मऊ होते. वेगाने घासल्यास भोकाची कड वितळून वेडीवाकडी होते व रबरी ग्रोमेट तेथे घट्ट बसत नाही. मग प्रत्येक सांध्यातून पाणी झिरपते. ग्रोमेट बनविणाऱ्याने सांगितलेल्या मापाचेच धारदार बिट वापरावे. नळीवर दोरी धरून सरळ रेषेत खुणा कराव्यात, यंत्र नळीस काटकोनात धरावे आणि मध्यम गतीने भोक पाडावे. दाब अधिक झाल्यास बिट एकदम आत जाऊन नळीच्या खालच्या बाजूस इजा करते. हे टाळण्यासाठी बिटावर लाकडाचा भोक पाडलेला तुकडा अडणी म्हणून चढवावा. भोकाची कड चाकूने साफ करावी. नळीत पडलेला कीस पाण्याबरोबर जाऊन ड्रिपर बंद करतो, म्हणून लॅटरल जोडण्यापूर्वी नळीच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळी धुऊन काढावी.

छपराचा पत्रा : पत्र्यास उंचवट्यावर भोक पाडावे. रबरी वायसर स्क्रूखाली किंचित दबेल इतकेच आवळावे. वायसर चेपून बाहेर आले तर काही दिवसांत तेथूनच गळती सुरू होते. क्लचचा खरा उपयोग येथे होतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र विशेष सावधगिरी हवी. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. त्यांची धूळ फुप्फुसात गेल्यास कित्येक वर्षांनी गंभीर आजार उद्भवतात. असा पत्रा शक्यतो भोकू नये. नाइलाज असल्यास जागा ओली करून, सावकाश, तोंडास योग्य मुखपट्टी बांधून काम करावे व चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. जुन्या सिमेंट पत्र्यावर पाय देऊन उभे राहू नये; तो अवचित फुटतो.

भिंत व दगड : वीट व सिमेंट यांसाठी टोकास कार्बाइड बसविलेले वेगळे बिट मिळते. लोखंडाचे बिट भिंतीस लावल्यास काही क्षणांतच त्याची धार जाते. दख्खनच्या काळ्या दगडाच्या भिंतीत लहान बॅटरी-ड्रिलने भोक पाडण्याचा हट्ट धरू नये. त्यास रोटरी हॅमर हे वेगळे यंत्र लागते. भिंतीतून विजेची तार गेली नसल्याची खात्री करून घ्यावी आणि त्या खोलीचा वीजपुरवठा बंद ठेवावा.

केव्हाही करू नयेत अशा गोष्टी

पेट्रोल किंवा डिझेल साठविलेल्या बंद पिंपास ड्रिल लावू नये. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ उरलेली असते व ठिणगीने ती पेट घेते. कीटकनाशकाच्या डब्यास भोके पाडून त्याचा पाण्यासाठी उपयोग करणे तर सर्वथैव वर्ज्य होय. सौर कृषिपंपाच्या पॅनेलच्या चौकटीस नवे भोक पाडू नये; काच फुटण्याचा व विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो, शिवाय पॅनेलची हमीही जाऊ शकते.

काम करताना डोळ्यांस चष्मा असावाच. उडालेला लोखंडाचा एक कण डोळा कायमचा अधू करू शकतो, आणि चष्म्याची किंमत यंत्राच्या मानाने नगण्य आहे. उपरणे, पदर, धोतराचा सोगा व लांब बाह्या आवरून घ्याव्यात, केस बांधावेत. फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालू नयेत. धागा अडकला तर बोट ओढले जाते. बिट बदलताना बॅटरी काढून ठेवावी. लोखंडाचा कीस हाताने झाडू नये. तो कापतो आणि भाजतोही.

बॅटरीची निगा

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळी बॅटरी पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करावी असे सांगत. तो सल्ला लिथियम-आयनला लागू नाही. उलट तो तिला अपायकारक आहे. यंत्राचा जोर मंदावला की काम थांबवून बॅटरी चार्जला लावावी. अर्धी रिकामी असताना चार्ज केल्याने तिचे काही बिघडत नाही.

कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये. हातास थंड लागेपर्यंत थांबावे. भोवतालचे तपमान ४० अंशांच्या वर असताना चार्ज करणेही टाळावे. विदर्भात व मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पारा यापलीकडे जातो. तेथे चार्जिंगचे काम पहाटे किंवा सकाळी उरकावे. उन्हात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा पत्र्याच्या खोपीत बॅटरी ठेवू नये.

चार्जर त्याच बॅटरीसाठी दिलेला असावा. येथे एक मोठी चूक संभवते. पाठीवरील बॅटरी-पंपांत बहुधा शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी असते. तिचा चार्जर ड्रिलच्या लिथियम बॅटरीस जोडल्यास बॅटरी फुगून पेट घेण्याची भीती असते. दोन्ही चार्जरांवर रंगाने मोठी खूण करून ठेवावी. चार्जिंग कडब्याच्या गंजीपाशी, अंथरुणावर किंवा सर्वजण झोपले असताना करू नये.

सुटी बॅटरी खिळे व पाने यांच्यासोबत पिशवीत टाकू नये. तिच्या टोकांवर खिळा आडवा पडल्यास ती क्षणात तापते. खतांच्या कोठीत यंत्र ठेवू नये. खते ओल धरतात आणि त्यांच्या क्षारांनी बॅटरीची तांब्या-पितळेची टोके खराब होतात. हंगाम संपून यंत्र दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास बॅटरी सुमारे अर्धी भरलेली ठेवावी, यंत्रापासून वेगळी करावी व थंड, कोरड्या जागी ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी एकदा ती पाहावी. पूर्ण रिकामी अवस्थेत पावसाळाभर पडलेली बॅटरी पुढे चार्जर स्वीकारीत नाही.

फुगलेली, फुटलेली किंवा विचित्र वास येणारी बॅटरी पुन्हा वापरू नये. ती उघड्यावर, मातीवर, गंजी व गोठा यांपासून दूर ठेवावी. निकामी बॅटरी चुलीत, उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलकाकडे द्यावी.

यंत्राची व बिटांची निगा

रोजचे काम संपल्यावर बॅटरी काढून यंत्र कोरड्या फडक्याने पुसावे. हवा खेळण्याच्या फटींतील धूळ मऊ कोरड्या ब्रशाने काढावी. या फटी बुजल्या की मोटर तापते. यंत्रावर पाणी किंवा रॉकेल ओतू नये. चकमधील धूळ जबडे उघडून, यंत्र उलटे धरून झाडावी. बिटांना तेलाचा पातळ हात देऊन ती मापाप्रमाणे खणाखणांच्या डबीत ठेवावीत. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात न पुसलेले बिट लवकर गंज धरते.

बोथट बिटाने काम करण्याइतके महागडे काम दुसरे नाही, कारण त्याचा भार मोटर व बॅटरी या दोघींवर पडतो. बिटाच्या टोकाचा कोन सामान्य कामासाठी ११८ अंश असतो. सहाणेवर धार लावताना दोन्ही कडा सारख्या लांबीच्या राहतील याकडे लक्ष द्यावे. एक कड लांब राहिल्यास भोक मोठे पडते. धार लावताना बिट निळे पडू देऊ नये. साध्या पोलादाचे बिट निळे पडले की त्याचे पाणी उतरते व धार टिकत नाही.

यंत्र मध्येच अडून थांबले तर खटका तत्काळ सोडावा. मोटर थांबलेली असताना दाबून धरलेला खटका तिला सर्वाधिक तापवितो. बिट दिशा उलटी करून बाहेर काढावे. खटका दाबूनही यंत्र हलत नसेल, तर प्रथम दिशेचे बटण मध्यावर नाही ना, बॅटरी पुरती बसली आहे ना आणि टोके स्वच्छ आहेत ना, हे पाहावे. फिरताना यंत्रात मोठ्या ठिणग्या दिसत असतील व जोर तुटत असेल, तर कार्बन ब्रश झिजले असण्याचा संभव असतो. ते बदलता येतात. ब्रशलेस मोटरीत असे ब्रश नसतात. जळका वास आल्यास काम थांबवून यंत्र दुरुस्तीस पाठवावे. बॅटरीचा डबा घरी उघडू नये.

प्रात्यक्षिक कसे दाखवावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील गोष्टी केवळ सांगण्यापेक्षा करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरेल. त्यासाठी ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी आणि ८ मिलिमीटरची दोन नवी बिटे पुरतात. पहिले भोक पंच न मारता, तेलाशिवाय, पट्टी २ वर ठेवून, हलक्या हाताने पाडावे. दुसरे पंच मारून, आधी बारीक भोक घेऊन, तेल सोडीत, पट्टी १ वर व भक्कम दाबाने पाडावे. दोन्हींचा कीस पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून सर्वांस दाखवावा. पहिल्या बिटावर पाण्याचा थेंब टाकला असता तो चर्रकन उडेल. दुसऱ्यावर तो बहुधा तसाच राहील. तापलेल्या बिटाला कोणी हात लावणार नाही याची दक्षता घ्यावी. एवढ्याने उष्णतेचा मुद्दा जमलेल्यांच्या ध्यानात पक्का बसेल.

यंत्र गटाचे असल्यास त्यासोबत एक वही ठेवावी. यंत्र कोणी नेले, बॅटरी कितपत भरलेली होती, कोणती बिटे दिली व कोणत्या स्थितीत परत आली, याची नोंद करावी. यंत्र देण्या-घेण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. सामाईक वस्तू बिघडते ती बहुधा कोणाच्या वाईट हेतूने नव्हे, तर तिची निगा आपल्यावर नाही अशा प्रत्येकाच्या समजुतीने. चष्मा, तेलाची कुपी व बिटांची डबी यंत्राच्याच पेटीत ठेवण्याचा नियम केला, तर ते घेऊन जाणाऱ्यास सबब उरत नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या चार दिवसांत हे यंत्र एका कुटुंबाचे पुष्कळ श्रम वाचवू शकते. मात्र त्या चार दिवसांत ते चालू स्थितीत असले पाहिजे. धारदार बिट, योग्य गती, आणि बॅटरीस थंड होण्यापुरती उसंत एवढे सांभाळले, तर कोनाड्यात पडून राहण्याची पाळी त्यावर येणार नाही.